कौशल्य धोरणाचा मसुदा आला, सूचना पाठवायची कशी?

मसुदा बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. इंग्रजी पीडीएफ, साठ-सत्तर पानं, आणि मुदत संपायला चार दिवस उरलेले. ग्रुप आयटीआयच्या माजी विद्यार्थ्यांचा असो की लघुउद्योजकांचा, खाली दोन-चार अंगठे पडतात, कुणीतरी 'यांना काय कळतंय' असं लिहून जातं, आणि तो मसुदा कुणाच्या तरी लग्नपत्रिकेखाली गाडला जातो.

आयटीआयत फिटर ट्रेडला शिल्पनिदेशक, म्हणजे वर्कशॉपमधला शिक्षक, म्हणून मी बरीच वर्षं काढली. पहिल्यांदा सूचना पाठवली तेव्हा दोन पानं भरून लिहिलं होतं. अभ्यासक्रम कालबाह्य आहे, तो बदलावा. उद्योगांशी समन्वय वाढवावा. तरुणांना रोजगाराभिमुख प्रशिक्षण द्यावं. पुढे कधीतरी मसुदा नीट वाचला, तर ही तिन्ही वाक्यं त्यात माझ्याआधीच होती. वाचणाऱ्याने मान डोलावून पान उलटलं असणार. दिल्लीत मतांचा तोटा नाही. मसुद्यातलं एखादं वाक्य तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये उतरलं की त्याचं काय होतं, हे मात्र त्यांना सहसा कुणी सांगत नाही. पुढची सगळी पद्धत तेवढं सांगण्यासाठी आहे.

आधी कागद ओळखा

'धोरण' या शब्दाखाली चार वेगवेगळे कागद फिरतात.

खरं धोरण म्हणजे दिशा सांगणारा दस्तऐवज. राष्ट्रीय कौशल्य विकास धोरण पहिल्यांदा २००९ मध्ये आलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालय स्वतंत्र झालं आणि २०१५ मध्ये उद्योजकतेलाही पोटात घेणारं नवं धोरण आलं. दुसरा कागद योजनेच्या मार्गदर्शक सूचनांचा. पैसे कुणाला, कधी, कशावर मिळणार हे तिथे ठरतं, म्हणून माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष याच कागदावर द्यावं. तिसरा कागद नियमांचा, उदाहरणार्थ शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) कायदा १९६१ खालचे नियम. चौथा म्हणजे विधेयक.

हा फरक मुदतीसाठी कामाला येतो. केंद्राने २०१४ मध्ये ठरवलेल्या कायदापूर्व सल्लामसलत धोरणानुसार विधेयक आणि नियमांचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. सोबत साध्या भाषेतली टिपणी द्यायची असते आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा असतो. धोरणाच्या किंवा योजनेच्या कागदाला मात्र हे बंधन नाही. तिथे दहा दिवसही मिळू शकतात. म्हणून पुरावा मसुदा येण्याआधीच जमवून ठेवावा लागतो. मसुदा आल्यावर धावाधाव केली तर पुन्हा 'समन्वय वाढवावा' एवढंच लिहून होतं.

दार कुणाचं?

योग्य मुद्दा चुकीच्या मंत्रालयाकडे पाठवणं ही सर्रास होणारी चूक. तिथला अधिकारी 'विषय आमच्या कक्षेत नाही' असा शेरा मारतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

आयटीआय, अल्पमुदतीचं प्रशिक्षण, जन शिक्षण संस्थान आणि आयटीआय झालेल्यांची शिकाऊ उमेदवारी हे कौशल्य मंत्रालयाचं. पदवी-पदविकाधारकांची शिकाऊ उमेदवारी शिक्षण मंत्रालय पाहतं. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आणि बँकांनी चालवलेल्या आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ग्रामविकास मंत्रालयाच्या कक्षेत. पीएमईजीपीचं, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं, कर्ज-अनुदान सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे, मुद्रा कर्ज योजना अर्थ मंत्रालयाकडे, आणि मोठ्या कंपन्यांमधली पंतप्रधान इंटर्नशिप योजना तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे. २०२३ च्या पीएम विश्वकर्मात सुतार, लोहार, कुंभार वगैरे १८ व्यवसाय आहेत आणि तिथे एकाहून जास्त मंत्रालयांचे हात आहेत.

शिवाय कामगारांचं व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण घटनेच्या समवर्ती सूचीत, २५ व्या नोंदीत येतं. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचं. आपल्या आयटीआयमधली शिल्पनिदेशकाची रिकामी जागा राज्याने भरायची असते. त्यासाठी दिल्लीला लिहून पोस्टाचा खर्च तेवढा होतो. ते पत्र मुंबईला, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभागाकडे जायला हवं. तीच तक्रार दिल्लीला सांगायचीच असेल तर तिचा आकार बदला: 'आयटीआयला संलग्नता (मान्यता) देताना यंत्रं मोजतात, तशी भरलेली पदंही मोजा.' हा केंद्राचा विषय झाला.

मसुदा वाचताना

पहिली पंधरा पानं सोडून द्या. तिथे लोकसंख्येचा लाभांश असतो, जागतिक संधी असते आणि एखादा आकडा असतो. २०१५ च्या धोरणातला ४.६९ टक्के पुढे कैक वर्षं भाषणांत फिरला: औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेल्या भारतीय कामगारांचं प्रमाण. शेजारी जर्मनीचे ७५ आणि दक्षिण कोरियाचे ९६ टक्के. वाचून लाज वाटावी अशीच मांडणी. पण आपल्याकडचा गवंडी, गॅरेजवाला, शिवणकाम करणारी बाई हे सगळे उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, आणि ते त्या ४.६९ मध्ये धरलेले नाहीत. आकड्यामागची व्याख्या तपासायची सवय इथूनच लावावी.

मग थेट व्याख्या, निधी, देखरेख आणि परिशिष्टं उघडा. इंग्रजी मसुद्यात क्रियापदांवर पेन्सिल फिरवा. 'शॅल' असेल तर बंधन आहे, 'मे' असेल तर मर्जी आहे, आणि 'एन्डेव्हर' असेल तर काही होणार नाही असं धरून चाला. आपल्या कामाशी संबंध असलेली तीन वाक्यं निवडा, तीनच. सत्तर पानांवर मत देणाऱ्या माणसाने सत्तर पानं वाचलेली नसतात, हे समोरच्यालाही कळतं.

पुरावा

या टप्प्यावर बहुतेक लोक सोडून देतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पैसे कसे वाहतात तिथून सुरुवात करा. पंतप्रधान कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ ला सुरू झाली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण संस्थेला रक्कम तीन हप्त्यांत मिळायची: बॅच सुरू झाल्यावर ३० टक्के, उमेदवार प्रमाणित झाल्यावर ५० टक्के, आणि नोकरी लागल्यावर २० टक्के. म्हणजे पोराला काम मिळो न मिळो, संस्थेचे ८० टक्के सुटलेले. उरलेल्या २० साठी कोण किती धावेल? पुढे चौथ्या टप्प्यात सरकारने नोकरीचा हिशेब ठेवणंच थांबवलं. प्रशिक्षित तरुणाने हवी ती वाट निवडावी, असं त्याचं कारण संसदेत सांगितलं गेलं. मला ते पटत नाही. वाट निवडू द्यावीच, पण तो कुठे पोचला हे विचारायला काय हरकत आहे? मसुद्यात 'परिणामाधारित निधी' असे शब्द दिसले की विचारा: परिणाम कुठला, कितव्या महिन्यात मोजणार, मोजणार कोण?

याच योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२५ च्या डिसेंबरात संसदेत मांडला गेला. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यांच्या नोंदींमध्ये ९४ टक्क्यांहून अधिक सहभागींच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य होतं, 'लागू नाही' होतं किंवा काहीच नव्हतं. असा अहवाल हाती असला की आपल्या तालुक्याच्या वीस पोरांची गोष्ट एकटी पडत नाही. सूचनेत आधी अहवालाचं एक वाक्य द्या, मग आपलं.

आता आपलं वाक्य जमवायचं कसं? आपल्या गावातल्या किंवा संस्थेतल्या मागच्या दोन बॅच घ्या. आयटीआयला फिटरच्या एका तुकडीत २० जागा, म्हणजे ४० फोन. रोज संध्याकाळी पाच केले तरी आठ दिवसांत संपतात. प्रश्न चारच: आता काय करतोस, शिकलेल्या ट्रेडचं काम आहे का, हातात महिन्याला किती पडतात, आणि प्रशिक्षणातलं काय कामाला आलं नाही. शेवटच्या प्रश्नावर थांबा. पोरं आधी 'सगळं चांगलं होतं सर' म्हणतात. जरा गप्प राहिलात की खरं बाहेर येतं.

दोन पथ्यं पाळा. नाव, फोन, आधार यातलं काहीही सूचनेत जाऊ देऊ नका. मुलांना तसं आधीच सांगा. आणि ज्यांनी फोन उचलला नाही त्यांचाही आकडा लिहा. '४० पैकी ३१ जणांशी बोलणं झालं, त्यांतले १२ शिकलेल्या ट्रेडमध्ये आहेत' असं लिहिलं तर वाचणारा विश्वास ठेवतो. '३८.७ टक्के' लिहिलंत तर त्याला वाटतं कुठला तरी कन्सल्टंट बोलतोय.

बांधकामावरच्या माणसांचं उदाहरण वेगळं आहे. आधीपासून हातात कला असलेल्यांना तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आहे, तिला पूर्वज्ञानाची मान्यता म्हणतात. कल्पना उत्तम. पण तपासणी कामाच्या दिवशी ठेवली की गवंड्याचा रोज बुडतो. पूर्वी या प्रमाणपत्रासोबत ५०० रुपये खात्यावर यायचे, यायचे तेव्हा. तुमच्या गावात गवंड्याचा आजचा रोज किती, मुकादम त्या प्रमाणपत्रावर वाढीव रोज देतो का, हे पाच साइटवर विचारा. 'देत नाही' असं पाचही ठिकाणी आलं, तर तो एक मुद्दाच सूचनेला पुरतो.

शिकाऊ उमेदवारीत छोट्या कारखान्यांनी बोलायला हवं, आणि तेच गप्प असतात. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या जागी ते ऐच्छिक. स्टायपेंडचे किमान दर २०१९ मध्ये शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० ठरले आणि त्यात २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, केंद्राचा वाटा. आता एमआयडीसीतला सात माणसांचा टर्निंग-मिलिंगचा धंदा घ्या. मालकाला अप्रेंटिस हवा असतो, पण पोर्टलवर करार, हजेरी, दावा हे करणार कोण? त्याच्याकडे त्यासाठी माणूस नाही. हाच मुद्दा त्या मालकाने तासांत मोजून लिहून दिला, म्हणजे 'एका शिकाऊ उमेदवारामागे महिन्याला इतके तास कागदांत जातात', तर वाचणाऱ्याला धरायला काहीतरी मिळतं.

उद्योजकतेचा अर्धा भाग

धोरणाच्या नावात उद्योजकता असते, पानांत ती थोडकीच असते, आणि जिथे असते तिथे जनजागृती शिबिरं. शिबिरांचा तुटवडा मी तरी पाहिलेला नाही. अडतं ते बँकेच्या काउंटरवर.

आरसेटीतून शिवणकाम शिकून आलेली बाई कर्जाला जाते. 'कोटेशन आणा', 'साहेब रजेवर आहेत', 'टार्गेट संपलं', 'जामीनदार आणा' असं चार महिने चालतं आणि शेवटी ती जाणं सोडते. कागदावर नकार कुठेच नाही! म्हणून अशा प्रत्येक अर्जाची वही ठेवा: कुठल्या तारखेला गेले, काय सांगितलं, पोच मिळाली का. नकार लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार छोटं कर्ज नाकारण्याची मुख्य कारणं लेखी कळवायची असतात. सूक्ष्म व लघु उद्योगांना १० लाखांपर्यंतच्या (एप्रिल २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी २० लाखांपर्यंतच्या) कर्जाला तारण मागता येत नाही, तरी तोंडी मागितलं गेलं असेल तर तेही तारखेसह लिहा. बँकेचं नाव सूचनेत घालायची गरज नाही. पाच बायांच्या पाच वह्या झाल्या की मागणी आपोआप नेमकी होते: प्रशिक्षणानंतरचा प्रत्येक कर्ज अर्ज पोर्टलवर नोंदवावा, आणि ठरावीक दिवसांत मंजुरी किंवा कारणासह नकार त्याच पोर्टलवर दिसावा.

लिहिताना

एका मुद्द्याला अर्धं पान. त्यात चार गोष्टी: मसुद्यातलं कलम आणि पान, ते वाक्य जसंच्या तसं, आमच्याकडे त्याचं काय होतं, आणि त्या जागी कुठलं वाक्य हवं. चौथी गोष्ट सोडू नका. नमुना असा:

'परिच्छेद अमुक, पान तमुक. मसुद्यातलं वाक्य: "प्रशिक्षणोत्तर रोजगाराची माहिती प्रशिक्षण संस्था संकलित करील." आमचा अनुभव: दोन बॅचमधल्या ४० पैकी ३१ जणांशी आम्ही बोललो. संस्थेच्या नोंदीत स्वयंरोजगारात दाखवलेल्या ९ जणांपैकी ६ जण घरच्या शेतीवरच आहेत. सुचवलेलं वाक्य: "प्रशिक्षणानंतर ३ आणि १२ महिन्यांनी रोजगाराची पडताळणी प्रशिक्षण संस्थेव्यतिरिक्त अन्य यंत्रणा करील, प्रशिक्षणाआधीच असलेला व्यवसाय स्वयंरोजगारात धरला जाणार नाही."'

आकडे अर्थातच तुमचे टाका. वरचे नमुन्याचे आहेत.

वाक्यं बदलतात का? बदलतात, कधीकधी तीन दिवसांत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा मसुदा २०१९ च्या जूनच्या तोंडावर लोकांसमोर आला. त्यातल्या हिंदीच्या उल्लेखावर तमिळनाडूतून गदारोळ झाला आणि ३ जूनला ते कलम नव्या शब्दांत आलं. त्यामागे राजकीय ताकद होती, ती आपल्यामागे नाही, हे मान्य. पण आक्षेप कुठल्या ओळीला आहे हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं.

चाळीस जणांनी एकच मजकूर सह्या बदलून पाठवण्यापेक्षा चाळीस सह्यांचं एक पत्र पाठवा आणि त्यासोबत पाच जणांची आपापल्या शब्दांतली पाच पत्रं.

मराठीत लिहिलं तर चालेल का?

घटनेचा ३५० वा अनुच्छेद गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क देतो. म्हणून विषयात 'सूचना व निवेदन' असे दोन्ही शब्द घाला. मसुदाच मराठीत मागायचा असेल तर दाखला आहे: २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये उपलब्ध करायला सांगितलं होतं.

हक्काचं झालं. व्यवहाराचं असं, की मूळ मराठीत लिहा आणि वर अर्धं पान हिंदी किंवा इंग्रजी गोषवारा जोडा. मशीनकडून भाषांतर करून घेतलंत तर एकदा माणसाच्या डोळ्यांखालून घाला. वर्कशॉपमध्ये 'जॉब' म्हणजे हातातला लोखंडाचा तुकडा. आमच्या एका वाक्याचं, 'मुलांना वर्षात दहाच जॉब मिळतात', मशीनने असं भाषांतर केलं की आमच्याकडे नोकऱ्यांची पेरणी चालू आहे असं वाटावं.

पाठवणं आणि त्यानंतर

मायगव्ह या केंद्र सरकारच्या लोकसहभागाच्या संकेतस्थळावर किंवा मंत्रालयाच्या पानावर अर्ज भरायचा असेल तर शब्दमर्यादा आधी बघा आणि मजकूर बाहेर लिहून मग चिकटवा. पान मध्येच अडकतं. ईमेल दिला असेल तर पीडीएफ जोडाच, पण मुख्य मुद्दा ईमेलच्या अंगातही लिहा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. स्पीड पोस्टाची पावती फाइलला लावा.

तीच सूचना, थोडी बदलून, आणखी तीन ठिकाणी चालते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा कौशल्य समितीकडे, कारण जिल्ह्याचा आराखडा तिथे होतो आणि तिथे तुमचे ४० फोन खरोखर वजनदार ठरतात. खासदारांकडे, संसदेत विचारायच्या प्रश्नाच्या रूपात, अधिवेशनाआधी महिनाभर. प्रश्नाला किमान १५ दिवसांची पूर्वसूचना लागते. आणि कामगार, वस्त्रोद्योग व कौशल्य विकास यावरच्या संसदेच्या स्थायी समितीने निवेदनं मागवली की तिच्याकडे. समितीकडे दिलेलं निवेदन मात्र गोपनीय धरलं जातं, ते लगेच ग्रुपवर टाकू नका.

धोरण जाहीर झालं की आपली तीन वाक्यं अंतिम मजकुराशी ताडून बघा. मग माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये. केंद्राकडच्या अर्जाला ५०० शब्दांची मर्यादा आहे; महाराष्ट्रात १५० शब्द आणि एकच विषय. आधार म्हणून कायद्याचं कलम ४(१)(ग) लिहा: महत्त्वाची धोरणं आखताना संबंधित सर्व तथ्यं प्रसिद्ध करणं हे सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. आणि विचारा: एकूण किती सूचना आल्या, त्यांचा गोषवारा, अमुक परिच्छेदावरच्या सूचनांवर काय निर्णय झाला, त्या निर्णयाच्या फाइलवरच्या टिपण्यांची प्रत.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. आणि ते उत्तर जपून ठेवा. पुढच्या मसुद्याला पाठवायच्या सूचनेत पहिलं जोडपत्र म्हणून तेच लावायचं आहे.